उसनी शक्ती

माणसाला थकवा मान्य नाही. भूक लागली की तो जेवतो, तहान लागली की पाणी पितो. ह्या गरजांपुढे मान तुकविण्यात त्याला कमीपणा वाटत नाही. झोपेची गोष्ट मात्र निराळी आहे. झोप आली की ती आपल्या कर्तृत्वाच्या आड आली असे त्याला वाटते, आणि तिला परतवून लावण्याचे उपाय तो शोधू लागतो. शेंडी खुंटीला बांधून रात्रभर अभ्यास करणारा विद्यार्थी आपल्या जुन्या गोष्टींतून भेटतो. त्याच्या आजच्या वंशजाला शेंडी नाही आणि खुंटीही नाही. तो कोपऱ्यावरच्या दुकानातून एक रंगीत डबा किंवा बाटली विकत आणतो, आणि ती रिती करून पुस्तक उघडतो. ह्या पेयांना बाजारात 'एनर्जी ड्रिंक' म्हणतात. आपण त्यांना शक्तिपेये म्हणू. हे नाव त्यांना कितपत शोभते, आणि ती पिणाऱ्याच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

नोकरीच्या निमित्ताने माझे वास्तव्य तंजावरास आहे. मराठी माणसाला हे नाव परके नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी येथे भोसल्यांची सत्ता स्थापिली आणि ती १८५५ सालापर्यंत ह्या ना त्या स्वरूपात टिकली. येथील राजवाडा, त्यातील सरस्वती महाल हे ग्रंथालय आणि त्यातील मोडी कागदपत्रे ह्यांची कीर्ती आपण ऐकलेली असते. पण मला आज प्रथम सांगावयाचे आहे ते राजवाड्याबाहेरच्या दुकानांविषयी. तंजावर हे कावेरीच्या खोऱ्यातील भाताचे कोठार. पोंगलच्या सुमारास, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या आगेमागे, सांबा पिकाची कापणी सुरू होते. आता ती बहुतांशी यंत्राने होते. यंत्रे परजिल्ह्यांतून येतात, त्यांचे भाडे तासावर असते, आणि शेतकऱ्यांची रांग लागलेली असते. यंत्र थकत नाही. त्यावर बसलेला माणूस थकतो. तेव्हा त्याच्या शेजारी पाण्याच्या बाटलीबरोबर एक तांबडी किंवा पिवळी बाटलीही दिसू लागते. रात्रभर भाताची पोती वाहणाऱ्या लॉरीच्या चालकाजवळ तीच असते. शहरात महाविद्यालये पुष्कळ आहेत. परीक्षा आल्या की त्यांच्या वसतिगृहांजवळच्या दुकानांतील शीतकपाटे ह्याच बाटल्यांनी भरतात. हे चित्र केवळ तंजावरचे नव्हे. ऊसतोडीच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे किंवा स्पर्धा-परीक्षांच्या दिवसांत पुण्याच्या पेठांतून हिंडणाऱ्या श्रोत्यांना ते ओळखीचेच वाटेल.

ह्या पेयांचा जन्मही श्रमिकांच्याच वस्तीत झाला आहे. १९६२ साली जपानमधील एका औषध-कंपनीने 'लिपोव्हिटान डी' नावाचे एक टॉनिक लहानशा बाटलीतून विकावयास आणले. टॉरीन आणि ब-जीवनसत्त्वे हे त्यातील मुख्य घटक होते. पुढे १९७० नंतरच्या दशकात थायलंडमध्ये चलिओ युविध्या ह्या औषध-व्यापाऱ्याने 'क्रातिंग डेंग' हे पेय तयार केले. त्याचे गिऱ्हाईक म्हणजे मालमोटारींचे चालक आणि पाळ्यांवर काम करणारे मजूर. नावाचा अर्थ 'तांबडा गवा' असा आहे. डीट्रिख मातेशित्झ ह्या ऑस्ट्रियन विक्रेत्याच्या ते दृष्टीस पडले, त्याने चलिओशी भागी केली, पेयात वायू मिसळला, आणि १९८७ साली 'रेड बुल' ह्या नावाने ते ऑस्ट्रियात बाजारात आणले. ड्रायव्हरच्या खिशातले टॉनिक अशा रीतीने तरुणांच्या हातातले भूषण बनले. आता ते पुन्हा स्वस्त होऊन, प्लॅस्टिकच्या बाटलीतून वीस रुपयांना, ड्रायव्हरकडे परत आले आहे. आणि वाटेत शाळकरी मुलांनाही त्याने गाठले आहे.

आता ह्या बाटलीत असते तरी काय? पाणी आणि वायू सोडले तर मुख्यतः चार गोष्टी: कॅफीन, साखर, टॉरीन आणि ब-गटातील काही जीवनसत्त्वे. टॉरीन हे नाव बैलाच्या लॅटिन नावावरून आले, कारण १८२७ साली ते प्रथम बैलाच्या पित्तातून वेगळे करण्यात आले. आज ते कारखान्यात रासायनिक रीतीने तयार होते आणि त्याचा बैलाशी काही संबंध उरलेला नाही. शिवाय मनुष्याचे शरीर ते स्वतःच तयार करते. जीवनसत्त्वांविषयी सांगावयाचे तर, ज्याच्या आहारात त्यांची उणीव नाही त्याला ती अधिक घेतल्याने अधिक जोम येत नाही. राहता राहिली साखर आणि कॅफीन. ह्या दोहोंपैकी उष्मांक, म्हणजे शास्त्राच्या भाषेत ज्याला ऊर्जा म्हणतात ती, फक्त साखरेत असते. परंतु ह्याच पेयांचा साखर नसलेला प्रकारही बाजारात मिळतो. त्यात उष्मांक जवळजवळ शून्य असतात, तरीही डब्यावर 'एनर्जी' हाच शब्द असतो. ह्यावरून एक गोष्ट उघड होते. ज्या अनुभवाला पिणारा शक्ती समजतो तो अनुभव साखरेचा नाही. तो कॅफीनचा आहे, आणि कॅफीन शक्ती देत नाही.

मग ते करते काय? आपण जागे असतो आणि काम करीत असतो तेव्हा मेंदूमध्ये ॲडिनोसीन नावाचा पदार्थ साठत जातो. त्याचे रेणू पेशींवरील ठरावीक जागी जाऊन बसले की मेंदूचे व्यापार मंदावतात आणि आपल्याला झोप येऊ लागते. थकवा म्हणजे शरीराने मेंदूकडे धाडलेला एक अर्जच म्हणावयास हरकत नाही. कॅफीनचा रेणू घडणीने ॲडिनोसीनसारखा असतो. तो त्या जागा अडवून बसतो, पण ॲडिनोसीनचे काम करीत नाही. सरकारी कचेरीत राहिलेल्या माणसाला ही व्यवस्था चटकन समजते. अर्ज येत आहेत, अर्जदार दाराशी तिष्ठत उभे आहेत. पण खुर्चीवर भलताच इसम बसला असल्यामुळे ते पुढे जात नाहीत. साहेबांना वाटते की आज कचेरीत काही काम नाही. वस्तुतः एकही अर्ज निकालात निघालेला नसतो. खुर्चीवरचा इसम उठला की सगळी गर्दी एकदम आत शिरते. शक्तिपेयाचा अंमल उतरल्यावर येणारी ग्लानी ती हीच. तेव्हा ह्या पेयाने मिळते ती शक्ती उसनी आहे असे म्हणणेही थोडे उदारपणाचे होईल. उसने घेताना निदान काही हाती पडते. येथे फक्त आपल्या कर्जाची वही लपवून ठेवली जाते.

कोणी म्हणेल, कॉफीच्या मुलखात बसून कॅफीनची निंदा करणे हा चमत्कारिक प्रकार आहे. आक्षेप रास्त आहे. तंजावरपासून थोड्याच अंतरावर कुंभकोणम आहे, आणि तेथल्या 'डिग्री कापी'ची ख्याती सर्व तमिळ देशात पसरली आहे. जो कॉफी पितो तोही कॅफीनच पितो. इतकेच नव्हे तर आकडे पाहिले असता कॉफीचे पारडे जडही भरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत, दीडशे मिलिलिटर गाळीव कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असते असे म्हटले आहे. भारतीय नियमांप्रमाणे शक्तिपेयात दर लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असू शकते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत फार तर ७५ मिलिग्रॅम. शिवाय नव्या पेयाविरुद्ध ओरड करणे हा प्रत्येक पिढीचा धर्मच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तमिळ नियतकालिकांत कॉफीविरुद्ध कडक लेख येत असत. ह्या पेयाने जुना आहार, म्हणजे सकाळचा ताकभात, बुडाला अशी त्यांची तक्रार होती. आमच्याकडे १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी चहा प्याली तेव्हा केवढे वादळ उठले हे सर्वश्रुत आहे; वाद प्रकृतीचा नव्हता, धर्माचा होता, पण निमित्त चहाचेच होते. पुढे चहा आणि कॉफी दोन्ही घरच्या झाल्या. मग शक्तिपेयांनीच काय घोडे मारले?

ह्याचे उत्तर बाटलीतल्या द्रव्यात शोधण्यापेक्षा पिण्याच्या रीतीत शोधले पाहिजे. कॉफी येथे पितळी पेल्यातून येते, तो पेला पसरट दवऱ्यात ठेवलेला असतो. ती कढत असते. एकातून दुसऱ्यात ओतून निववावी लागते, आणि मग घोटाघोटाने प्यावी लागते. पेला लहान असतो. तिची चव कडवट असल्यामुळे लहान मूल आपण होऊन तिच्याकडे वळत नाही, आणि वळले तर घरातली आजी त्याला दूधच जास्त घालून देते. तिच्या वेळा ठरलेल्या असतात: सकाळची आणि तिसऱ्या प्रहरची. अशा रीतीने त्या पेयाभोवती मर्यादेचे एक कुंपण पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेले आहे. शक्तिपेयाला असे कुंपण नाही. ते थंड आहे, म्हणून मिनिटभरात पोटात जाते. ते गोड आहे, म्हणून मुलांना आवडते. त्याला वेळ नाही. उलट रात्र हीच त्याची वेळ. आणि त्याचे नावच 'शक्ती' असल्यामुळे एका बाटलीने थोडी शक्ती आली तर दोहोंनी अधिक येईल असा हिशेब अडाणी माणूसच नव्हे, शिकलेलाही करतो. कॉफीचे सहा पेले सलग पिणारा माणूस क्वचित आढळेल. पण उन्हाळ्याच्या रात्री तीन थंड बाटल्या रित्या करणे अवघड नाही.

ह्या रीतीचे परिणाम प्रकृतीवर कसे होतात ते आता क्रमाने पाहू. पहिला आणि सर्वांत सार्वत्रिक परिणाम झोपेवर. प्रौढ माणसाच्या शरीरातून घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे नाहीसे होण्यास साधारणपणे पाच तास लागतात. म्हणजे रात्री नऊला एक बाटली घेतली तर दोन वाजता तिच्यातील अर्धे कॅफीन शरीरात खेळत असते. २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निजण्यापूर्वी सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिले असताही झोप एका तासाहून अधिक कमी झाल्याचे आढळले. ह्यात विद्यार्थ्याचे जे नुकसान होते ते विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. दिवसा वाचलेले स्मृतीत पक्के बसते ते झोपेत. जो रात्रभर जागून वाचतो तो एका हाताने कोठारात धान्य ओततो आणि दुसऱ्या हाताने कोठाराचे दार उघडे ठेवतो. दुसऱ्या दिवशी डोके जड, म्हणून पुन्हा बाटली; तिने पुन्हा झोप उडते. हे चक्र एकदा सुरू झाले की बाटली ही औषध न राहता रोगाचेच कारण होऊन बसते. रोज पिणाऱ्याने ती एकदम सोडली तर एकदोन दिवस डोके दुखते, चिडचिड होते, आणि त्याला वाटते की बाटलीवाचून आपले चालत नाही. हा त्रास थोड्या दिवसांत शमतो. पण तेवढा धीर पुष्कळांना धरवत नाही.

दुसरा परिणाम हृदयावर. छातीत धडधड, हाताला कंप, मनाची अस्वस्थता ही लक्षणे पुष्कळांनी अनुभवलेली असतात. त्याहून सूक्ष्म गोष्ट २०१९ साली कॅलिफोर्नियातील एका अभ्यासात दिसून आली. १८ ते ४० वयाच्या ३४ निरोगी स्वयंसेवकांना तासाभरात सुमारे एक लिटर शक्तिपेय देण्यात आले, आणि दुसऱ्या दिवशी तसेच दिसणारे पण ही द्रव्ये नसलेले पेय देण्यात आले. शक्तिपेयाच्या दिवशी रक्तदाब वाढला. आणि प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाची विद्युत्-क्रिया पूर्वस्थितीवर येण्यास लागणारा काळ किंचित लांबला, तो चार तासांनंतरही लांबलेला होता. हा फरक सहासात सहस्रांश सेकंदांचा. निरोगी माणसाला तो कळणारही नाही. परंतु ज्याच्या हृदयात हा दोष जन्मतःच असतो, आणि तो असल्याचे त्याला ठाऊक नसते, त्याला असा किंचित धक्काही घातक ठरू शकतो. आपल्या देशात किती तरुणांनी आपल्या हृदयाचा आलेख कधी काढून पाहिलेला असतो? कापणीच्या यंत्रावरचा पोरगा तर नक्कीच नाही.

तिसरी गोष्ट साखरेची. २५० मिलिलिटरच्या प्रसिद्ध डब्यात सुमारे २७ ग्रॅम, म्हणजे सहासात चमचे साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जी शिफारस केली तिच्याप्रमाणे प्रौढ माणसाने दिवसभरात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर फारच उत्तम. म्हणजे एका डब्यातच दिवसाचा उत्तम वाटा संपून जातो. मधुमेहाचे प्रमाण ज्या देशात इतके वाढत आहे तेथे ह्यावर अधिक बोलावयास नको. दातांची गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. ही पेये आंबट असतात. त्या आम्लाने दातांवरचे कठीण कवच झिजते, आणि साखर ते काम पुढे चालू ठेवते.

चौथी गोष्ट दारूशी होणाऱ्या संगतीची. दारू माणसाला मंद करते; ती मंदता हाच एक इशारा असतो. कॅफीन तो इशारा दाबून टाकते. मद्याचा अंमल तितकाच राहतो, पण तो असल्याचे भान राहत नाही, आणि मनुष्य आणखी पितो किंवा गाडीवर बसतो. ह्याच कारणास्तव अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१० मध्ये कॅफीन घातलेली मद्ये विकणाऱ्या कंपन्यांना इशारा दिला. कारखान्यातली मिसळ तेथे थांबली. घरच्या पेल्यातली कोणता कायदा थांबवणार?

पण सर्वांत अधिक काळजीची गोष्ट मुलांची आहे. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम आणि एका वेळी २०० मिलिग्रॅम इतके कॅफीन निर्धोक मानले. आपल्या पोषण संस्थेची मर्यादा ३०० मिलिग्रॅमची आहे. मुलांसाठी युरोपीय संस्थेने वजनाच्या दर किलोमागे तीन मिलिग्रॅम असा हिशेब सांगितला. आता आपण गणित करू. दहाबारा वर्षांच्या, पंचवीस किलो वजनाच्या मुलाच्या वाट्याला ७५ मिलिग्रॅम येतात. एक बाटली म्हणजे त्याचा सगळा दिवस. त्यानंतर चहाचा घोटही जास्तच. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने तर २०११ सालीच स्पष्ट सांगितले की मुलांच्या आहारात ह्या पेयांना मुळीच स्थान नाही.

येथे मला पुन्हा तंजावरच्या राजवाड्याकडे वळावयाचे आहे. कारण पेय चांगले की वाईट हा प्रश्न विचारण्याची जी पद्धत मला योग्य वाटते ती तेथे पूर्वीपासून नांदत होती. व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाई ह्यांच्या आश्रयाला रघुनाथ गणेश नवहस्त नावाचे एक महाराष्ट्रीय पंडित होते. ते समर्थ रामदासांचे समकालीन. त्यांनी 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ रचला. धान्ये, भाज्या, दूध, दही, ताक, पाणी ह्यांचे गुणदोष त्यात पूर्वाचार्यांच्या आधारे संगृहीत केले आहेत. ह्या परंपरेत एखादे द्रव्य सरसकट चांगले किंवा सरसकट वाईट ठरत नाही. ते किती घेतले, कोणत्या ऋतूत, दिवसाच्या कोणत्या वेळी, कोणत्या देशात आणि कोणत्या प्रकृतीच्या माणसाने घेतले, असे प्रश्न प्रथम येतात. निर्णय मागून येतो. पुढे दुसऱ्या सरफोजीराजांनी, ज्यांची कारकीर्द १७९८ ते १८३२ अशी झाली, धन्वंतरी महालात औषधांचा संग्रह आणि प्रयोग चालविले. त्यांच्या काळातील अनुभवसिद्ध चिकित्सा तमिळ पद्यांत ग्रथित झाल्या; नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी तर आजही पाहावयास मिळतात. कोणत्या माणसाला काय दिले आणि त्याचे काय झाले हे लिहून ठेवावयाचे, ही त्यातली दृष्टी. किती, केव्हा, कोणाला आणि परिणाम काय: आधुनिक वैद्यक हेच चार प्रश्न विचारते. शक्तिपेयाची जाहिरात मात्र ह्यांपैकी एकही प्रश्न विचारू देत नाही. तिच्या मते ते सर्वांसाठी आहे, सर्व काळी आहे.

ही उत्तरे बाटलीवर छापलेली नाहीत असे नाही. सरकारी नोकरीमुळे बारीक अक्षरे वाचण्याची मला सवय जडली आहे, म्हणून मी ती वाचली. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत ह्या पेयांचे जे मानक आहे त्याचे नाव 'कॅफीनयुक्त पेय' असे आहे. बाटलीवर कॅफीन अधिक असल्याची सूचना हवी. दिवसाला ५०० मिलिलिटरहून अधिक पिऊ नये असे हवे. आणि मुले, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, कॅफीन न सोसणाऱ्या व्यक्ती आणि खेळाडू ह्यांच्यासाठी हे पेय योग्य नाही, असेही छापलेले हवे. श्रोत्यांनी शेवटच्या शब्दाकडे लक्ष द्यावे. खेळाडूंनी पिऊ नये असे ज्या बाटलीवर मागे लिहिलेले असते, तिचीच जाहिरात धावणाऱ्या मोटारी आणि उड्या मारणारे वीर ह्यांच्या चित्रांनी होते. त्याहून मोठी अडचण भाषेची. ही सूचना इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असली की नियमाचे समाधान होते. प्रांतभाषेची सक्ती नाही. तंजावरच्या शेतात काम करणारा तमिळ मजूर ह्यांपैकी कोणतीही लिपी वाचू शकत नाही. बाटलीचे चित्र त्याला कळते, नाव कळते, किंमत कळते. फक्त धोका कळत नाही. ज्याला इशारा द्यावयाचा त्याच्या भाषेत तो नसेल तर तो इशारा विकणाऱ्याचे रक्षण करतो, पिणाऱ्याचे नव्हे. हा दोष दूर करण्यास फार मोठ्या संशोधनाची गरज नाही. दोन ओळी पुरतील.

इतर देशांनी ह्याहून पुढे पावले टाकली आहेत. लिथुआनियाने २०१४ साली, लॅटव्हियाने २०१६ साली आणि पोलंडने १ जानेवारी २०२४ पासून अठरा वर्षांखालील मुलांना ही पेये विकण्यास बंदी केली. आपल्या प्राधिकरणाने एप्रिल २०२४ मध्ये, दूध, धान्य किंवा माल्ट ह्यांपासून केलेली पेये आरोग्यपेये किंवा शक्तिपेये ह्या सदराखाली विकू नयेत, असे ऑनलाइन विक्रेत्यांना बजावले. महाराष्ट्रात जुलै २०२४ मध्ये, शाळांपासून पाचशे मीटरच्या आत अधिक कॅफीनच्या पेयांच्या विक्रीवर बंदी घालण्याचा मनोदय शासनाने विधिमंडळात जाहीर केला. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु पाचशे मीटरची रेघ ओलांडावयास मुलाला पाच मिनिटे पुरतात. घरात त्याविषयी कोणी बोललेच नाही तर ती रेघ निरुपयोगी ठरेल.

मग थकलेल्याने करावे काय? उपदेश करणे सोपे आहे, म्हणून मी शक्य तितके व्यवहारातले सांगतो. उन्हात काम करणाऱ्याला जे हवे असते ते पाणी आणि मीठ. त्यासाठी तंजावरच्या घरांत 'नीर मोर' आहे: पातळ ताक, त्यात मीठ, आले, कढीलिंब. रामनवमीला येथे पानकम वाटतात. गूळ, सुंठ, वेलची घातलेले ते पाणी मराठी घरातल्या पन्ह्याचे सख्खे भावंड आहे. घामाने फारच गळून गेलेल्यास लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे मिश्रण कोणत्याही रंगीत बाटलीपेक्षा अधिक उपयोगी पडते. विद्यार्थ्याने सकाळी किंवा दुपारी कॉफी-चहा खुशाल घ्यावा. संध्याकाळनंतर मात्र पुस्तक मिटून वेळेवर निजावे. वाहनचालकाला डुलकी येऊ लागली तर बाटलीने ती टळत नाही, फक्त लांबते. गाडी बाजूस घेऊन वीस मिनिटे डोळे मिटणे हाच खरा उपाय. ज्याला रक्तदाब किंवा हृदयविकार आहे, जी गरोदर आहे, ज्याचे औषध चालू आहे, त्यांनी ह्या पेयांच्या वाटेस जाऊ नये. आणि एखादी बाटली पिऊन छातीत धडधडू लागले, भोवळ आली किंवा ठोके चुकू लागले, तर 'उतरेल थोड्या वेळाने' असे म्हणत न बसता दवाखाना गाठावा, आणि आपण काय व किती प्यालो ते वैद्याला न लाजता सांगावे.

तथापि एक गोष्ट मला मनापासून मान्य केली पाहिजे. यंत्रावर रात्र काढणाऱ्या मजुराला 'झोप घे' असे सांगणारा मी, माझी नोकरी सायंकाळी संपते. त्याची संपत नाही. तासावर भाडे आणि खेपेवर मजुरी असेल तर झोप ही त्याला परवडणारी वस्तू राहत नाही, आणि वीस रुपयांची बाटली त्याला स्वस्त वाटते. म्हणून हा प्रश्न केवळ त्याच्या संयमाचा नाही. दोन चालक नेमून पाळी बदलणारा यंत्राचा मालक, खेपांमध्ये विश्रांतीचा अवकाश ठेवणारा व्यापारी, मध्यरात्रीपर्यंत चालणाऱ्या शिकवणीला नकार देणारे आईबाप, ह्या सर्वांच्या हाती त्याचे उत्तर आहे. ज्या समाजात विसावा घेणे हा आळस समजला जातो, तेथे थकवा लपविण्याच्या वस्तूला गिऱ्हाईक मिळणारच.

थकवा हा शरीराचा शत्रू नव्हे. तो घरातल्या जुन्या, विश्वासू कारभाऱ्यासारखा आहे: शिल्लक किती उरली ते तो वेळच्या वेळी येऊन सांगतो. त्याचे बोलणे कटू लागते खरे. पण त्याला दाराबाहेर घालवून दिल्याने शिल्लक वाढत नाही. ती संपल्याचे तेवढे आपल्याला उशिरा कळते.